धार काढून घेतलेलं पुस्तक

परवा नव्या पुस्तकांचा खोका फोडला आणि कागदाच्या वासाबरोबर कोल्हापुरातलं एक दुकान आठवलं. कॉलेजात लिनक्स ह्या संगणकप्रणालीचा विषय सुरू झाला होता आणि गारगोटीच्या मराठी शाळेतून आलेल्या मला वर्गात काहीच कळत नव्हतं. आईवडील लहानपणीच गेले, तेव्हापासून मला वाढवणारे मामा पुस्तक घ्यायला सोबत आले होते. दुकानात दोन इंग्रजी पुस्तकं निघाली, एक जाडजूड आणि एक नवशिक्यांसाठीचं बारीक. मी जाड उचललं. मामा म्हणाले, “थांब की. धार काढून बघितल्याबिगर म्हैस घेतोय व्हय आपण? एक पान वाच आणि मला मराठीत सांग.” दुकानदार हसला, “पावणं, हितं दूध न्हाय निघायचं!” जाड पुस्तकाचं पान वाचलं, मराठीत एक वाक्य जुळेना, म्हणून ते परत ठेवलं. बारक्यातलं मात्र सांगता आलं: एक प्रोग्रॅम दुसऱ्याला जन्म देतो, जन्म देणारा आधी संपला तर मागं राहिलेल्याला अनाथ म्हणतात, आणि सगळ्यांत आधी सुरू झालेला प्रोग्रॅम त्याला दत्तक घेतो. मामांनी खिशातून पैसे काढले आणि म्हणाले, “हेच घे. ह्यातलं कळंल तुला.” आता मी लिनक्स शिकवतो. अनाथ प्रोग्रॅमच्या पानावर आलो की ‘दत्तक घेतो’ऐवजी माझ्या तोंडून ‘मामा सांभाळतो’ असंच निघतं, मुलं हसतात, आणि मी पान उलटतो.