चॉकलेटी दार

"दुसऱ्याच्या घरात शिरते ती, आत्या! सरळ किचनमध्ये!"

"दुसऱ्याच्या म्हणू नको. भैयालालच्या. एकाच घरात शिरते. त्याचंच काहून, ते तरी बघ."

"त्यानं काय फरक पडतो?"

"त्यानंच पडतो! एवढा शिकला, डोळे कुठं ठेवून आला?"

धम्मदीप खुर्चीतून ताडकन उठला. आईला न्यायला तो काल भोपाळहून गाडी घेऊन आला होता. तिची बॅग भरून दाराशी ठेवली होती. आई, भीमाबाई, मात्र दिवाणावर बसून चिंचेतले चिंचोके काढत होती. भांडण तिच्यावरून चाललंय याचा तिला पत्ताही नव्हता.

इंदिरा गजभिये तिची नणंद. राहायला शेजारच्याच घरात. नवऱ्यानं टाकली असं लोक म्हणत. ती म्हणे, मीच टाकला. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पुऱ्या लाटण्यात जन्म गेला आणि तिथंच तोंडाला धार आली. महाराजपुरातली ही गल्ली तिला टरकून असे. पुढं भाऊ गेला, वहिनी रस्ते विसरू लागली, आणि इंदिराच्या जिभेला कायमचं काम मिळालं. एकदा ई-रिक्शावाल्यानं वहिनीला ती म्हणाली तिथं, पार रिछाईला नेऊन सोडलं, तर इंदिरानं दुसऱ्या दिवशी अख्खा स्टँड धारेवर धरला. "ये जहाँ बोले, वहाँ नहीं ले जाना। इसी गली में लाना। समझे?" तिला शिव्या घालत का होईना, रिक्शावाले भीमाबाईला घरी आणून सोडू लागले.

मग चौदा एप्रिलची जयंती आली. जयंतीआधी दाराला निळा रंग द्यायचा, ही भावाची दरवर्षीची रीत. यंदा धम्मदीपनं पेंटर पाठवला. दार चॉकलेटी झालं, पुढं स्टीलचं गेट बसलं. "छान दिसून राहिलं," असं खुद्द इंदिराही म्हणाली होती. आणि त्याच आठवड्यात भीमाबाई विहारातून परतताना स्वतःच्या घरावरून पुढं गेली, गल्लीतल्याच भैयालालचं निळं दार ढकललं आणि त्याच्या सुनेच्या, राखीच्या ओट्यापाशी बसून तिची डाळ निवडायला लागली. दुसऱ्यांदा तेच झालं तेव्हा राखीनं धम्मदीपला फोन लावला.

"तिनं काय वेडेपणा केला? निळं दार दिसलं, आत गेली. तिचं दार तूच पुसून टाकलं. दे परत निळा रंग!"

"रंगानं बीमारी जाते का? डॉक्टर म्हणाले, हे वाढणारच. आज दरवाजा, कल गॅस!"

"गॅस माझ्या घरी. दोन्ही वेळचं मी रांधते. तू तिकडं काय करशील? तुम्ही दोघं ड्युटीवर. दिवसभर तिच्याजवळ कोण?"

"बिल्डिंगमध्ये गार्ड आहे."

"गार्ड गेटवर. तुझ्या दाराशी कोण?"

धम्मदीपचा चेहरा लाल झाला. "कुलूप! हो, बाहेरून कुलूप लावीन. जिवंत तर राहील!"

"खुराड्यात कोंबडीही जिवंत राहते."

"कोणाले कुलूप लावून राहिले रे?" भीमाबाईनं मान वर केली. दोघांपैकी कोणीही तिच्याकडे पाहिलं नाही.

"अच्छा, चलो, मी वाईट," धम्मदीप म्हणाला. त्यानं आवाज खाली आणला, आणि तो खाली आलेला आवाज इंदिराला जास्त टोचला. "तू गच्चीच्या पायऱ्यांवरून पडलीस, ते मला सांगितलं नाहीस. राखीनं सांगितलं. तुझा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. उद्या तू आडवी झालीस, तर या गल्लीत माझ्या आईला वाढणार कोण? राखीला तू चोरटी म्हणालीस. समोरच्यांशी नळावरून भांडलीस. विहारातल्या बायका तुला पाहून उठून जातात. नाव सांग, आत्या. एक नाव सांग, बॅग आत्ता रिकामी करतो."

इंदिरानं तोंड उघडलं. राखी? समोरची? एकेक दार तिच्या डोळ्यांपुढं आलं आणि एकेक बंद झालं. दुखऱ्या हातानं तिनं पदर खोचला. चांगल्या हातानं वहिनीचं मनगट धरून तिला उठवलं, तशी मांडीवरची चिंच फरशीभर सांडली.

"आत्या, मी काही विचारलं!"

भीमाबाईला धरून इंदिरा चॉकलेटी दारातून बाहेर पडली आणि आपल्या घराकडे चालू लागली. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.