ओटा गेला, पायरी राहिली

आमच्या मंडळींत दुसरा चहा आला की कोणीतरी म्हणतंच, "ते पेपरचं सांग ना." पेपरचं झालं की खुर्च्यांचं निघतं, खुर्च्यांवरून गाडी टेंभुर्णीला जाते, आणि टेंभुर्णी आली की चहा तसाच गार होतो. बंद पडलेल्या एका वेबसाइटनं आम्हाला जेवढे किस्से दिले, त्याच्या निम्मेही ती चालू असताना दिले नव्हते.

वेबसाइटचं नाव 'ओटा'. जालना जिल्ह्यातल्या आणि इथून बाहेर गेलेल्या लोकांनी टोपणनाव घेऊन गप्पा मारायच्या, एवढाच तिचा उद्योग. मी 'भुईमूग'. खरं नाव कोणाचंच कोणाला माहीत नव्हतं आणि त्यावाचून कोणाचं अडतही नव्हतं.

*

एका दुपारी ओटा उघडेना. मी जालन्यातल्या सायबर कॅफेत बसलो होतो. कॅफेवाल्यानं मशीन बंद करून चालू केलं, वायर काढून फुंकून लावली आणि शेवटी मलाच म्हणाला, "काका, तुम्हीच काहीतरी दाबलं."

तेवढ्यात शेजारच्या केबिनच्या फळीवरून एक डोकं वर आलं. "तुमचा बी ओटा उघडंना का?"

"आपण?"

"मी तिखट."

या तिखटाशी मी रोज भांडायचो आणि तो माझ्यापासून एका फळीच्या अंतरावर बसायचा! खरं नाव दत्ता, गाव केदारखेडा, जालन्यात बियाण्यांचं दुकान. आम्ही हात मिळवला आणि दोघांनाही उगाच लाजल्यासारखं झालं. चालवणाऱ्याला कंटाळा आला म्हणून ओटा बंद केला, असं पुढे कानावर आलं.

*

बाकीच्यांना शोधायचं कसं? मी एका स्थानिक पेपरात छोटी जाहिरात दिली. 'ओट्यावरच्या सोबत्यांची रोज आठवण येते', खाली सगळी टोपणनावं आणि माझा फोन नंबर. पेपरवाल्यांनी मजकूर वाचला आणि सरळ श्रद्धांजलीच्या पानावर छापला. वर हात जोडलेलं चित्रही टाकलं.

सकाळीच पहिला फोन आला. "नमस्कार, मी कडूलिंब. मी गेल्याचं आत्ताच वाचलं."

दिवसभर मेलेल्यांचे फोन येत राहिले. त्यात गंमत होती तोवर होती. संध्याकाळी दत्ता पेपर घेऊन आला आणि म्हणाला, "ह्यात पायरीचं नाव कुठंय?" नव्हतंच. ते नाव मी माझ्या हातानं सगळ्यांच्या आधी लिहिलं होतं. पेपरात विचारलं, तर पान जुळवणारा म्हणाला, "असं नाव आमच्याकडं आलंच न्हाई, साहेब." राहून गेलं असेल, असं मी सगळ्यांना सांगितलं आणि स्वतःलाही.

*

पायरीबद्दल सांगायला हवं. 'पायरी' हे टोपणनाव रोज सकाळी टेंभुर्णीहून लिहायचं. बाजारात काय आलं, कोणाची म्हैस व्याली, आणि शेवटची ओळ नेहमी 'माहेर'साठी. 'माहेर' म्हणजे मस्कतला असलेल्या सुनंदाताई. त्यांचे वडील अण्णा टेंभुर्णीत एकटे राहायचे आणि फोनवर त्यांना काही ऐकू यायचं नाही. त्यामुळे सुनंदाताईंचा दिवस पायरीच्या त्या ओळीवर सुरू व्हायचा. 'अण्णा काल केदारखेड्याला गेल्ते, बराबर घरी आले.' किंवा 'अण्णांनी डाळीत दोनदा मीठ टाकलं आन् तशीच खाल्ली.'

ओटा बंद पडला तसा सुनंदाताईंचा दत्ताला ईमेल आला, कारण दत्ताकडे त्यांचा पत्ता होता. 'बाकी गप्पा राहू द्या. पायरीला शोधा. अण्णांचं काही झालं तर मला कळणारसुद्धा नाही.'

*

आम्ही सगळे पहिल्यांदा समोरासमोर भेटलो ते जालन्यात, एका लॉजच्या हॉलमध्ये. पहिला धक्का कडूलिंबाला बसला. तो ओट्यावर रोज आपल्या साहेबाला शिव्या घालायचा आणि 'साखरभात' त्याची समजूत काढायचा, 'असला साहेब वैऱ्यालाही मिळू नये.' दारातून साखरभात आत आले, ते कडूलिंबाचे साहेबच निघाले. दोघंही बराच वेळ पंख्याकडे बघत बसले.

बाकीच्यांनाही बोलायला सुचेना. ज्यांच्याशी रात्रंदिवस बडबड केली त्यांचे चेहरे भलतेच होते. शेवटी दत्ताला युक्ती सुचली. "खुर्च्या उलट्या फिरवा. पाठीला पाठ लावून बसू." आणि काय सांगू, ओटा पुन्हा भरला! चहा घेऊन आलेला वेटर भिंतीकडे तोंड करून हसणारी माणसं बघून दारातूनच परत गेला.

गप्पा रंगात आल्या होत्या. मध्येच कोणीतरी म्हणालं, "मंग माहेरला आता कोण सांगल?"

मी वळून विचारलं, "कोण बोललं?" प्रत्येकाला वाटलं, पलीकडचा बोलला. आवाज बाईचा होता, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. त्या हॉलमध्ये बाई एकही नव्हती. त्यानंतर आम्ही खुर्च्या सरळ केल्या आणि लवकर घरी गेलो.

*

पायरी सापडत नाही म्हटल्यावर सुनंदाताईंनी दत्तालाच अण्णांकडे पाठवलं. घराला कुलूप होतं. अण्णा लग्नाला गेलेत, असं कळलं. दत्तानं जालन्याला येऊन इंग्रजी अक्षरांत ईमेल ठोकला, 'अण्णा गेले. घर बंद आहे.'

दोन दिवसांनी औरंगाबादच्या विमानतळावरून माझ्या घरी फोन आला. सुनंदाताईंचा आवाज ओळखू येत नव्हता. "भाऊ, मी येईपर्यंत अण्णांना ठेवलंय ना?"

"कुठं ठेवलंय?" मी विचारलं.

सगळा उलगडा झाल्यावर मी दत्ताला फाडून खायचा बाकी राहिलो. "अरे, तोंडानं रोज गेल्ते म्हणतोस. तसंच लिहायला काय झालं होतं?"

"कॉम्प्युटरवर शुद्ध लिहावं वाटलं," दत्ता मान खाली घालून म्हणाला. "पायरी गेल्तेच लिहायची. म्हणून तिचे अण्णा दरवेळी परत यायचे."

मला ते वाक्य अजिबात आवडलं नाही.

*

आम्ही दोघं सुनंदाताईंना जीपनं टेंभुर्णीला घेऊन गेलो. अण्णा लग्नाहून परतले होते, अंगणात लसूण सोलत बसले होते. लेकीला बघून त्यांनी हातातला लसूण तेवढा बाजूला ठेवला. "आली का? बस." सुनंदाताई त्यांच्या गळ्यात पडून रडल्या.

घर गावाबाहेर, चारी बाजूंनी शेत. रस्त्यावरून दारसुद्धा दिसत नाही. मी आणि दत्तानं गावात चौकशी केली, तर इंटरनेट म्हणजे काय हेच आम्हाला समजावून सांगावं लागलं. पायरी नाव कोणी ऐकलेलं नव्हतं.

संध्याकाळी सुनंदाताईंनी अण्णांच्या कानाशी ओरडून विचारलं, "डाळीत मीठ दोनदा पडल्याचं कोणाला सांगितलं होतं?"

"तुला."

"मला?"

"रोज सकाळी दाराभाईरून इचारती न्हाई का तू, अण्णा, उठले का म्हणून? मंग मी आतून सगळं सांगतो. मला फोन ऐकू येत न्हाई म्हणून तू काहीतरी नवीन काढलं आसल, असं वाटलं. आता काय काय निघून राह्यलं." अण्णा आमच्याकडे वळून हसले. "बाकी कोणाचं ऐकू येत न्हाई, तिचं बराबर येतं."

दत्तानं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "आता दोन महिने झाले, ते इचारणं बंद झालं आसल ना, अण्णा?"

"बंद कशाला व्हईल? रोज इचारती."

सुनंदाताईंनी मागच्या खोलीत अंथरूण टाकलं. मी आणि दत्ता ओसरीवर झोपलो, म्हणजे पडून राहिलो.

सकाळी अण्णांचं दार अजून लावलेलंच होतं, त्याच्यापाशी कोणी आलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. सुनंदाताई मागच्या दारानं अंगणात आल्या, आमच्या समोरून गेल्या आणि त्या बंद दारापाशी उभ्या राहिल्या. ओरडायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. अगदी हळू, नेहमीच्या आवाजात त्यांनी विचारलं, "अण्णा, उठले का?"

आतून लगेच उत्तर आलं. "आत्ताच तर सांगितलं, बाई. उठलो म्हणून. सुनंदा आलीय, तिला झोपू दे."