वाळलेलं मूळ

सुहासच्या बायकोचा, मेधाचा फोन आला तेव्हा मी स्टॅनमोर स्टेशनच्या पायऱ्या उतरत होतो. "सुहास गेला रे..." एवढंच बोलली. हार्ट अटॅक. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती त्यानं. आता दीड महिना झाला, पण मला एक गोष्ट सांगायचीच आहे, आणि ती आधी मेधाला सांगणं भाग होतं.

माझा हा मित्र लंडनमधल्या बँकेत सॉफ्टवेअर लिहायचा, पण वेड व्हायकिंग खलाशांचं! त्याच्या क्लबनं त्यांच्या पद्धतीची होडी बांधली होती आणि सुकाणू सुहासकडे असायचं. सुकाणू म्हणजे उजव्या अंगाला बांधलेलं लांबलचक वल्हं. ते बांधायचं बर्च झाडाच्या मुळाच्या पिळानं. मूळ वाळलं की कडकन मोडतं, म्हणून आदल्या दिवशीच बादलीत भिजत टाकायचं. "नायलॉनची दोरी लाव ना लेका!" मी म्हणायचो. "मग रबरी होडीच घे की," तो म्हणायचा.

स्कॉटलंडच्या सफरीत भिजवायचं काम माझ्याकडे होतं. मी साफ विसरलो. सकाळी मूळ नळाखाली धरलं, वरून ओलं दिसलं, आणि दिलं त्याच्या हातात... दोन बेटांच्या मधे ओहोटीनं होडी खेचली आणि पीळ तुटला. होडी आडवी झाली. खडकावरचं शेवाळ दिसायला लागलं. सुहासनं वल्हं छातीशी कवटाळलं, पाय रोवले आणि ओरडला, "श्री, शीड पाड! पाड आधी!" खडक हातभर अंतरावरून गेला. आम्ही नऊ जण वाचलो, त्याच्या दोन बरगड्या मोडल्या.

धक्क्यावर कप्तानानं विचारलं, मूळ कोणी भिजवलं होतं? सुहासनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "माझं काम होतं. विसरलो." मी भित्रा, गप्प बसलो. घरी कळल्यावर मेधा भडकली. "आठ माणसं मारली असतीस! पुन्हा होडीत पाय ठेवायचा नाही." त्यानं ठेवला नाही. पुढे एकदा मी म्हणालो, तिला खरं सांगून टाकतो. "आता कशाला? घरात घेणार नाही ती तुला," म्हणून हसला. मला तेवढंच हवं होतं.

परवा मेधाकडे जाऊन सगळं सांगितलं.

"तीन उन्हाळे मी त्याला घरी बसवलं, श्री. आणि तू दर शनिवारी इथे येऊन माझ्या हातचे पोहे खात होतास."