'कीप'ला इटालियनमध्ये काय म्हणतात

एक मूर्खपणा आधीच कबूल करते: दुसऱ्याचं पत्र त्याला न विचारता मी पोष्टात टाकून आले, आणि वर शाबासकीची वाट पाहत बसले. इंग्रजी घेऊन मॅट्रिक झालेल्या मुलीला त्या काळी पांढरकवड्यात काहीही शोभत असे.

पत्र होतं शेजारच्या फौजीकाकांचं. आपल्या अंगणात इटली वसवणारा असा माणूस जिल्ह्यात दुसरा झाला नाही. लढाईत ते तिकडे कैद झाले, पळाले, आणि सत्तरीच्या एका शेतकरी म्हातारीनं त्यांना हिवाळाभर गवताच्या माळ्यावर लपवलं. याला पंधरा वर्षं झाली, तरी काका बैलांशी इटालियनच बोलत, आणि बैल ऐकत. काकूंच्या कुरड्यांशेजारी हे टमाटे चिरून वाळत घालत. माकडं कुरड्या पळवत, टमाट्यांना शिवत नसत. "त्याईलेबी परदेशी वाटते," काकू म्हणत. दुपारी निंबाखाली बाजेवर काका डोळे मिटून पडत. रस्त्यानं कापसाची गाडी खडखडत गेली, की पुटपुटत, म्हातारी आली वाटते पाव घेऊन.

तिला पत्र धाडायचं होतं. काका इटालियन सांगत, मी कानाला लागेल तसं इंग्रजी अक्षरांत उतरवत असे. सगळं झालं, अडलं एका क्रियापदापाशी. सुटकेनंतर गोरा साहेब त्यांना म्हणाला होता, "शी केप्ट यू." तेवढं 'कीप' काकांना तिच्या भाषेत हवं होतं. त्यांच्या ट्रंकेतल्या इंग्रजी-इटालियन शब्दकोशात त्याला अख्खं पान दिलेलं. मी एकेक शब्द वाचायची, काका निंबाच्या शेंड्याकडे पाहत नाकारायचे. हा ढोरं ठेवाचा. हा लोनचं ठेवाचा. हा वचनाचा, थे तं म्या देल्लंच नोतं. पेरणी झाली, वेचणी आली, तरी "उद्या पाहू" काही संपेना. लिफाफ्यावर पत्ता आणि तिकिटं मात्र कधीची तयार.

मी ठरवून टाकलं, काकांना इटालियन धड येतच नाही. एका दुपारी ते झोपलेले असताना उशाखालून लिफाफा काढला, आतल्या पत्रात रिकाम्या सोडलेल्या जागी शब्दकोशातला पहिलाच शब्द वळणदार अक्षरात घातला आणि तरातरा पोष्ट गाठलं.

जागे झाल्यावर मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ते रागावले नाहीत. उशाखाली एकदा चाचपलं, सरकून मला बाजेवर जागा करून दिली आणि म्हणाले, "शब्द मले पयल्याच दिवशी माईत होता, माय. पत्र गेलं नोतं, तवरोक म्हातारी जित्ती होती."