कप हलवेपर्यंत

सरांनी बाबांच्या हातात ट्रे दिला.

कॅन्टीनचा ट्रे. त्यावर ॲल्युमिनियमची किटली आणि एक कप. किटलीत बिनदुधाचा चहा. कॉफी समजायची.

"दाखवा आता," सर म्हणाले. "तुमच्या शेखला कशी देता, तश्शीच. मुलांना कळू दे."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. सरांनी मार्गदर्शनाला बोलावलंय, असं मी त्यांना सांगितलं होतं. मला सरांनी तसंच सांगितलं होतं. 'मार्गदर्शन' हा शब्द बाबांनी घरी पुन्हा पुन्हा विचारून घेतला होता. सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला, अत्तर लावलं, खिशाला पेन अडकवलं. बाबांना सहीपुरतंच लिहिता येतं. एसटीत ते ओठांतल्या ओठांत पुटपुटत होते. काय काय सांगायचं त्याची उजळणी. तिकडचा उन्हाळा, तिकडचा बाजार, दोनचार अरबी शब्द.

त्यातलं काही कुणी विचारलं नाही.

वर्गात बाकं जोडून लांब टेबल केलेलं. टोकाच्या खुर्चीत अनिरुद्ध. रत्नागिरीतल्या बड्या वकिलाचा मुलगा, पावसला त्यांची हापूसची बाग. अंगात पांढरा पायघोळ झगा, डोक्यावर रुमाल, त्यावर काळं कडं. सगळं आमच्या घरातलं. कुवेतला बाबा ज्या घरात नोकर होते तिथल्या मालकाने, आमच्याकडे त्याला अरबाब म्हणतात, ईदला दिलेलं जुनं. बाबांनी ते कधी अंगाला लावलं नाही. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलं. सरांनी मागितलं म्हणून मी आणून दिलं होतं.

बाबांनी ट्रे टेबलावर ठेवला, किटली डाव्या हातात घेतली, कप उजव्या. वाकले. ओतलं. अनिरुद्धपुढे धरलं. मग दोन पावलं मागे सरून उभे राहिले.

"आता काय?" सरांनी विचारलं.

"आता उभं रहायचं. पाव्हण्याने कप हलवला की समजायचं, बस झालं. हलवला नाय तर परत ओतायची."

"हलवेपर्यंत ओतत रहायची?" अनिरुद्धने विचारलं.

"होय. तसा रिवाज आहे."

अनिरुद्धने कप खिडकीबाहेर रिकामा केला आणि परत पुढे धरला. हलवला नाही.

बाबा पुढे आले. वाकले. ओतलं. मागे गेले.

त्याने परत बाहेर फेकला. परत धरला.

आता पोरांना खेळ कळला. हसू फुटलं. सर पण हसले. "तुम्हाला काय म्हणून हाक मारतात तिकडे?" त्यांनी विचारलं.

"रफीक."

"म्हणजे?"

"दोस्त."

वर्ग खो खो हसला. अनिरुद्धने चुटकी वाजवली. "रफीक." बाबा पुढे आले. वाकले. ओतलं. पुन्हा चुटकी. पुन्हा बाबा. किटली संपली तेव्हा सरांनी एका पोराला कॅन्टीनमध्ये पिटाळून ती भरून आणवली.

आणि बाबा हसत होते. ते हसू मी घरात कधी बघितलं नव्हतं. डोळे खाली, ओठ लांब, आवाज नाही. मला कळलं, हे हसू कुवेतचं आहे. रोज अंगावर चढवायचं आणि नोकराच्या खोलीत जाऊन उतरवायचं. आज माझ्यामुळे ते रत्नागिरीत आलं.

"अस्सल!" शेवटी सर म्हणाले. "पुस्तकात मिळत नाही हे." टाळ्या वाजल्या. बाबांनी ट्रे काखेत धरून सगळ्यांना सलाम केला.

त्या वर्षी मुंबईला विद्यापीठात अभिरूप अरब परिषद भरायची होती. प्रत्येक कॉलेजने एक अरब देश व्हायचं. ठराव मांडायचे, दुरुस्त्या सुचवायच्या, हरकतीचे मुद्दे काढायचे. खऱ्या मुत्सद्द्यांसारखं. आमच्या वाट्याला कुवेत आलं. राज्यशास्त्राचे सर तयारी करून घेत होते. इराण-इराकचं युद्ध, तेलाचे भाव, पॅलेस्टाईन, आणि बाहेरून आलेले कामगार, असे विषय होते.

मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला. खाडीकाठच्या आमच्या मोहल्ल्यातून कॉलेजात येणारी मी एकटीच मुलगी. बाबा आधी दुसऱ्याच्या होडीवर मासे मारायला जायचे. मग कुवेतला गेले. दोन वर्षांनी एकदा यायचे. आई सुकी मासळी विकायची. सरांनी माझं नाव घेतलं तेव्हा वाटलं, माझे गुण बघून घेतलं असेल.

"हिचे वडील तिकडेच आहेत ना, घ्या हिला," सर म्हणाले. मला 'कामगार' हा विषय दिला.

मी वाचनालयात बसून जुनी वर्तमानपत्रं काढली. सगळं पाठ केलं. पहिल्या तालमीला उभी राहिले आणि म्हणाले, "अध्यक्ष महोदय, मना वाटतं..."

'मला' नाही. 'मना'. आमच्या घरात तसंच बोलतात.

अनिरुद्ध टेबलावर डोकं ठेवून हसला. सर म्हणाले, "कुवेतच्या प्रतिनिधीने आधी जीभ घासून यावं." दुसऱ्या दिवसापासून मी व्हरांड्यातून गेले की कुणीतरी मागून म्हणायचं, मना बाय आली, मना बाय. मी जीभ घासली. घरी एक बोलायचं, कॉलेजात एक. खाडीवरून एसटी वळली की मी तोंड बदलायची.

माझ्या भाषणात मी लिहिलं होतं की कामगाराचा पासपोर्ट मालक काढून घेतो, हे बरं नाही. सरांनी त्यावर काट मारली. "तू कुवेत आहेस. देशाची बाजू मांड. बापाची नाही."

नियम तसाच होता. मी मान्य केलं. आणि सुट्टीवर आलेले बाबा पडवीत बसले असताना, आत उभी राहून मोठमोठ्याने पाठ केलं: "पासपोर्ट मालकाच्या ताब्यात राहणं हे कामगाराच्याच हिताचं आहे, महोदय. ते अशिक्षित लोक आहेत. हरवून बसतील."

पडवीतून बाबा म्हणाले, "बरोबर बोललीस. अरबाब असाच बोलतो."

त्यांनी ते कौतुकाने म्हटलं होतं.

त्या दिवशी, ट्रेच्या दिवशी, आम्ही दोघं स्टँडवर एसटीची वाट बघत बसलो. बाबांच्या बाहीवर चहाचे डाग. मी विचारलं, "तिकडेपण असंच करतात?"

"तिकडे पगार देतात," बाबा म्हणाले.

एक एसटी आली, ती आमची नव्हती.

"तो पोरगा बसला बरीक झोकात. आमचा धाकटा अरबाब तसाच बसतो." मग म्हणाले, "आईला काय सांगू नको गो."

"नाय सांगत."

"तुला मुंबईला खुर्ची मिळणार ना? बाकीच्यांच्या बरोबर?"

"होय."

"मग झालं तर."

पुढच्या तालमीला सर खुशीत होते. परिषदेत प्रत्येक देशाने सुरुवातीला आपली संस्कृती दाखवायची होती. सरांनी ठरवलं होतं, आपण कॉफी दाखवायची. बाबांनी दाखवली तशी. चुटकीसकट. प्रेक्षक लोळतील.

"नोकर तू हो," ते मला म्हणाले. "फेटाबिटा बांधू, मुलगी आहेस ते कळणार नाही. सराव वडिलांकडून करून घे. आणि भाषण वैजयंतीला दे. तिचे उच्चार स्वच्छ आहेत."

वैजयंती माझ्या शेजारीच बसली होती. तिने माझ्यापुढचे कागद हळूच स्वतःकडे ओढले. म्हणाली, "मनावर घेऊ नकोस हं." माझ्या अक्षरातले कागद. ती वाचायला लागलीसुद्धा.

मी म्हटलं, "सर, मी भाषणाची तयारी केलीय."

"मग काय झालं? जे रक्तातच आहे ते जास्त चांगलं करशील."

हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. चेष्टेनेही नाही. भूगोल सांगावा तसं सांगितलं. नारळ किनाऱ्यावर होतो, भात मळ्यात होतो, आणि कप पुढे करणं तुमच्या रक्तात होतं.

टेबलावर तोच ट्रे. अनिरुद्ध झगा घालून तयार. त्याने माझ्याकडे बघून चुटकी वाजवली.

"रफीक."

माझ्या अंगात काहीतरी थंड पडलं. राग असा थंड असतो हे मला माहीत नव्हतं. मी उठले, त्याच्या खुर्चीपाशी गेले आणि म्हणाले, "माझ्या बाबांचे कपडे काढ."

"काय?"

"झगा आमचा आहे. रुमाल आमचा आहे. काढ."

कुणीतरी हसलं. मी हलले नाही. सर म्हणाले, "काय तमाशा लावलाय? जागेवर बस."

"मी कॉफी देणार नाही, सर. माझे बाबापण परत येणार नाहीत. कपडे द्या, मी जाते."

सरांचा चेहरा बदलला. "तुमच्या लोकांना जरा वर काढायला जावं, तर हे असं. अगं, उद्या दाखला लागेल, शिफारस लागेल. माझ्याकडेच येशील ना?"

"मना नको तुमची शिफारस."

मना. तोंडातून निघालं ते निघालं. या वेळी कुणी हसलं नाही. की हसले असतील. मला ऐकू आलं नाही. मी अनिरुद्धपुढे हात पसरून उभी राहिले. मागायला पसरतात तसा नाही. घ्यायला. तो सरांकडे बघत होता. सर खिडकीबाहेर. शेवटी त्याने कडं काढलं, रुमाल काढला, झगा डोक्यावरून ओढून काढला आणि माझ्या हातात न देता जमिनीवर टाकला.

मी ते उचललं. झटकलं. वर्गाच्या मधोमध उभी राहून नीट घडी घातली. घाई केली नाही.

मला वाटलं होतं, झालं. काही झालं नव्हतं.

सरांनी मोहल्ल्यात निरोप पाठवला. शहरातले एक मोठे व्यापारी, आमच्याच जमातीचे, माझी फी तेच भरायचे. ते घरी आले. पडवीत खुर्चीवर बसले. बाबा खाली. "पोरीला समजव," ते म्हणाले. "एवढ्या मोठ्या माणसाशी अशी बोलते? अशाने उद्या आपल्या पोरींना कॉलेजात कोण घेणार?"

ते गेल्यावर बाबा आत आले. आईला तेव्हाच सगळं कळलं. ती चुलीपुढे बसून राहिली.

"उद्या जायचं आणि माफी मागायची," बाबा म्हणाले.

"नाही."

"मी वर्षानुवर्षं वाकतो. कुणासाठी? तुझी पुस्तकं, तुझा एसटीचा पास. तुला एक दिवस वाकता आलं नाय?"

मी म्हटलं, "तुम्ही वाकलात ते मी बघितलं, बाबा. त्यानंतर मना नाय जमणार."

त्यांनी हात उगारला. मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. हात तसाच खाली आला. त्यांना लाज कशाची वाटली होती, ते मला तेव्हा कळलं. वर्गात पोरं हसली त्याची नाही. मी बघितलं त्याची.

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. सुट्टी संपली. आईशी बोलले, शेजाऱ्यांशी बोलले, बॅग उचलली आणि गेले. मी स्टँडवर गेले होते. एसटी सुटेपर्यंत खिडकीखाली उभी राहिले. त्यांनी खाली बघितलं नाही.

कॉलेज मुंबईला गेलं आणि बक्षीस घेऊन आलं. कॉफी गाजली म्हणे. कार्यालयाबाहेरच्या फलकावर फोटो लागला. मधे अनिरुद्ध, नवा झगा, चादरीचा शिवलेला. आणि त्याच्यापुढे वाकलेला एक मुलगा, नोकर, तोंडाला काजळी फासून काळा केलेला, गळ्यात आमचे खलाशी बांधतात तसा चौकटीचा रुमाल. म्हणजे त्यांनी माझ्या बाबांना सोडलं नव्हतंच. मुंबईपर्यंत नेऊन नाचवलं होतं.

मी कॉलेज सोडलं नाही. फीची सोय गेली. आईने मासळीची टोपली घेऊन लांबची गावं धरली. मी सकाळी शहरात दोन घरच्या मुलींना शिकवायची आणि मग वर्गात जायची. सरांच्या तासाला पहिल्या बाकावर. त्यांनी दोन वर्षांत मला एकही प्रश्न विचारला नाही. माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघत शिकवलं. मी एकही तास चुकवला नाही.

शेवटच्या वर्षी राज्यशास्त्रात मी कॉलेजात पहिली आले. पेपर विद्यापीठात तपासले जात होते, तिथे सरांचा हात पोचला नाही.

बक्षीस समारंभाच्या आधी सरांनी मला खोलीत बोलावलं. हसून म्हणाले, "झालं गेलं विसरून जा. माझीच विद्यार्थिनी पहिली आली याचा मला अभिमान आहे. बक्षीस मी स्वतः देणार आहे."

मी म्हटलं, "माझ्या बाबांची माफी मागा, सर. ते पुढच्या महिन्यात येतायत. घर मी दाखवीन."

त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मग कळलं. "मी? तुमच्या मोहल्ल्यात येऊ?"

"होय."

त्यांनी दाराकडे बोट दाखवलं.

समारंभाला मंडप भरलेला होता. प्राचार्य, पाहुणे, अनिरुद्धचे वकील वडील पहिल्या रांगेत. माझं नाव पुकारलं. सर पुढे आले, हातात वेष्टनातलं पुस्तक, फोटोवाला सरसावला. मी खुर्चीतून उठले नाही. परत नाव पुकारलं. सगळ्या माना वळल्या. शेजारची मुलगी कोपराने ढोसत होती, जा ना, जा. मी सरांकडे सरळ बघत बसले. ते पुस्तक पुढे धरून उभे होते. पुढे धरून उभं राहणं कसं असतं, ते त्यांना कळावं इतका वेळ मी त्यांना तसंच ठेवलं.

मग त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि पुढचं नाव वाचलं गेलं.

ते पुस्तक मी आणलं नाही. शिफारसपत्रही मागितलं नाही, त्यापायी एक नोकरी गेली, ती जाऊ दिली. पुढे सर निवृत्त झाले तेव्हा सत्काराला माजी विद्यार्थ्यांचं बोलावणं आलं. भाषण करा म्हणाले. मी निरोप आणणाऱ्याला सांगितलं: भाषण करीन, पण जे घडलं तेच सांगीन, ते समोर बसलेले असताना. पुन्हा बोलावणं आलं नाही.

सरांना माफ कर, असं मला पुष्कळांनी सांगितलं. त्यात चांगली माणसंही होती. मी केलेलं नाही. करणार नाही.