मखमल आतल्या बाजूला

मावशींनी तेहतीस वर्षं एका फिरत्या नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळला. तशा त्या कंपनीत कुणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या. पण राजापासून पहारेकऱ्यापर्यंत ज्याची शिवण ऐन तिसऱ्या घंटेला उसवे, तो "मावशी, मेलो!" असं ओरडत त्यांच्याकडेच धावायचा, आणि नाव चिकटलं ते चिकटलं. गळ्यात टेप, मनगटावर सुयांची उशी, ओठांत दोन टाचण्या, अशा अवतारात त्या विंगेत उभ्या असायच्या आणि झगा माणसाच्या अंगावर असतानाच टाके घालायच्या. कुणी कुरकुरलं, "मावशी, आतून फार टोचतंय हो," तर टाचण्यांच्या फटीतून ठरलेलं उत्तर यायचं: "समोरून राजा दिसतोस ना? मग खाजवायचं ते विंगेत येऊन खाजव."

कंपनी बंद पडली तेव्हा मालकांनी निरोपादाखल त्यांना कपड्यांची एक पत्र्याची पेटी दिली. ती पेटी आणि मावशी, दोघी मुलाच्या घरी मागच्या खोलीत राहायला आल्या.

सून दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर काम करायची. बाई सरळ, कामाला वाघ, पण तिला प्रत्येक गोष्ट जिथल्या तिथे लागायची. तीन वर्षांपूर्वी मावशींनी गॅसवर दूध ठेवलं आणि पेटीतल्या झग्यांना जरा ऊन दाखवू म्हणून अंगणात गेल्या. झग्यांबरोबर जुनी नाटकंही बाहेर निघाली, त्यात पातेल्याचा कोळसा झाला. सून त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. पण तेव्हापासून मावशींनी कशाला हात लावला की ती मऊ आवाजात म्हणायची, "राहू द्या आई, मी करते." भाजी चिरायला घेतली, राहू द्या. कपड्यांच्या घड्या घालायला बसल्या, राहू द्या. भांडली असती तर परवडलं असतं. तेहतीस वर्षं जिच्यावाचून पडदा उघडत नव्हता, तिला दिवसभर बसून राहण्याचं काम मिळालं होतं.

अशात एका शनिवारी सून भोकं पाडलेला खोका घेऊन आली. आत एक दिवसाची बारा पिल्लं. अंगणात कोंबड्या पाळायच्या, हे तिचं लहानपणापासूनचं वेड. तिने मागच्या खोलीत मोठा खोका मांडला, तळाला भुसा पसरला, वर उष्णतेचा दिवा टांगला आणि रविवारभर पिल्लांपुढे बसून राहिली. सोमवारी सकाळी फोन आला. तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन अचानक दुसऱ्या दिवशी ठरलं होतं. चार दिवस जाणं भाग होतं. नवरा सातलाच छापखान्यात जायचा. मग उरलं कोण?

"आई," दारात पिशवी खांद्याला लावून ती म्हणाली, "दिवा चालू ठेवायचा. पाणी उथळ ताटलीत, शेजारी कण्या. बस. बाकी काही म्हणता काही करू नका."

"नाही करत गं."

"आणि आल्यावर ही पेटी काढून टाकू. पिल्लं वाढली की जागा लागेल."

मावशींनी मान हलवली. पेटीचं दुःख नंतर करता येईल, असं त्यांनी ठरवलं. तीन वर्षांत पहिल्यांदा सुनेने त्यांच्या हातात काहीतरी सोपवलं होतं. ही बारा पिल्लं बाराच्या बारा परत करायची, एवढंच आता डोक्यात होतं.

आणि दुपारी एकला रस्ता खणणाऱ्यांनी नेमकी विजेची केबल तोडली.

दिवा गेला. खड्ड्यातला माणूस वर न बघताच म्हणाला, "चार दिवस तरी धरा, आजी."

अर्ध्या तासात खोका चिवचिवाटाने भरून गेला. सकाळची बारीक, समाधानी कुजबुज नव्हे. उंच, टोकदार, एकसारखी हाक. मावशींनी हात घातला तर पिल्लं कोपऱ्यात एकावर एक चढलेली. घाबरून बसायला वेळ नव्हता. त्यांनी खोका खिडकीच्या वाऱ्यापासून आतल्या भिंतीशी ओढला, वर चादर टाकली आणि स्वतःची गुडघे शेकायची रबरी पिशवी गरम पाण्याने भरून, पंच्यात गुंडाळून पिल्लांजवळ ठेवली. आवाज जरा उतरला. पण पिशवी उघड्यावर तासाभरात निवायची. उबेला अंग हवं, पंख हवेत. म्हणजे कोंबडीच हवी.

"मग शिवू या की," मावशी पेटीला म्हणाल्या आणि तिचं झाकण उघडलं.

मुलगा संध्याकाळी आला तेव्हा आई जमिनीवर बसलेली आणि भोवती अर्धा राजवाडा सांडलेला.

"आई, हे काय?"

"आधी दोरा ओव. मला सुईचं भोक सापडत नाही. वीसेक सुया ओवून उशीला लावून ठेव."

"जेवण?"

"दोरा आधी."

त्याने मुकाट्याने वीस सुया ओवल्या. अंधार पडायच्या आत कोंबडी उभी राहिली, आणि काय कोंबडी! बुटक्या स्टुलावर राजाच्या झग्याची तांबडी मखमल ताणून बसवलेली. लाल फेल्टचा तुरा. काचेच्या बटणांचे डोळे. शेपटीला सेनापतीच्या टोपातली पिसं. पोटात पिशवीसाठी खिसा, आणि आकार ढळू नये म्हणून आतून जाड कॅनव्हासचं अस्तर, कडेला कडक बकरमची पट्टी.

मुलगा बघतच राहिला. "अगं, ही अंडी देईल की भाषण करेल?"

मावशी खूष झाल्या. गरम पिशवी खिशात घालून त्यांनी कोंबडी खोक्यात ठेवली आणि पडदा उघडण्याची वाट पाहावी तशा थांबल्या.

एकही पिल्लू आत गेलं नाही. दोघांनी तुऱ्याला चोच मारून पाहिली, एक शेपटीखालून चक्कर मारून आलं आणि सगळी पुन्हा भिंतीशी जाऊन चिवचिवाट करू लागली. मावशींनी दोघा-तिघांना उचलून आत सरकवलं. ती लगेच बाहेर. अंधारात जातील आपणहून, म्हणून मावशींनी पिशवी कोंबडीच्या पोटातच राहू दिली. दुसऱ्या दिवशी पहाटे भिंतीकडचं एक पिल्लू गार पडलेलं सापडलं.

मावशींनी ते तळहातावर घेतलं. बराच वेळ फुंकर घातली, छातीशी धरलं. ते काही हललं नाही. मुलगा म्हणाला, "आई, एखादं जातंच गं." त्यांनी ऐकलं नाही. त्या खाली बसल्या, स्टूल उचललं आणि आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं: आपल्याच शिवणीत कोपरापर्यंत हात घातला.

कॅनव्हास खरखरीत. बकरमच्या कडा बोचणाऱ्या. पिशवी वर टिच्च भरलेली, पण तिची ऊब दोन थरांच्या अस्तरामागे अडकलेली. पिल्लांच्या पाठीपर्यंत ती पोचतच नव्हती. तेहतीस वर्षं "आतून टोचतं" म्हणणारी सगळी माणसं एकदम मावशींच्या कानाशी येऊन उभी राहिली.

"अगं बाई," त्या पुटपुटल्या. "मी बाहेर बसणाऱ्यांसाठी शिवली. आणि बघायला आहे कोण? पिल्लांना काय तुऱ्याचं कौतुक?"

त्यांनी टाके उसवायला घेतले. तुरा गेला, डोळे गेले, सेनापतीची पिसं परत पेटीत गेली. अस्तर बाहेर आलं आणि मखमल आत. पिशवी आता मखमलीच्या पातळ खिशात, इतकी खाली लोंबणारी की पिल्लू आत शिरलं की तिची ऊब थेट पाठीला लागावी. कोंबडीची ऊबसुद्धा वरूनच येते. कडेने त्यांनी जुन्या लोकरी शालीच्या पट्ट्या दाट झालरीसारख्या सोडल्या. ही शाल नाटकात एका म्हातारीची होती आणि ती म्हातारी दर प्रयोगाला मरायची. प्रत्येक पट्टीची कड त्यांनी दुमडून हातशिलाई घातली, कारण सुटा दोरा इवल्या पायाला गुंडाळला तर पाय जातो. वीस सुया संपल्या. मुलाने कामावर जायला उशीर करून आणखी वीस ओवल्या.

उलटी कोंबडी दिसायला म्हणजे उसवलेलं पोतं. चारी बाजूंनी शिवणी उघड्या, दोऱ्यांच्या गाठी, आणि मळक्या कॅनव्हासवर कंपनीचा अर्धा शिक्का.

पहिल्या पिल्लाने झालरीत डोकं घातलं. मग पाठ. मग दुसरं. मावशी श्वास रोखून मोजत होत्या. अकरावं आत गेलं आणि खोका गप्प झाला. मग आतून बारीक कुजबुज सुरू झाली. नाटक रंगलं की काळोखातून जसा सुखाचा आवाज येतो ना, तस्सा. तो आवाज विंगेत उभं राहून मावशींनी हजारदा ऐकला होता. त्यात फसवणूक होत नाही.

पुढचे दिवस त्या आवाजावरच चालले. दर दोन-तीन तासांनी पिशवी भरायची. पाणी हाताला सोसेल इतपतच. कलकलाट उंच झाला तर थंडी. पिल्लं झालरीबाहेर पंख सोडून धापा टाकू लागली तर गरम जास्त, पिशवीला आणखी एक पंचा. गुडघे मात्र शेकाविना ठणकत राहिले. मावशींनी त्यांना सांगून टाकलं, "थांबा रे, तुमचा प्रवेश शुक्रवारी."

शुक्रवारी दुपारी सून आली. वीज अजून आलीच नव्हती, हे तिला रिक्षावाल्याकडून कळलं होतं. खांद्यावरची पिशवी दारातच टाकून ती मागच्या खोलीत धावली. दिवा बंद, आणि खाली एक घाणेरडं बोचकं.

"आई! हे काय ठेवलंय? पिल्लं कुठायत?"

"आत आहेत. अकरा आहेत." मावशी भिंतीला धरून उभ्या राहिल्या. "एक गेलं. माझ्यामुळे गेलं. पहिला दिवस मी बाहेरून सजवण्यात घालवला."

मुलगा इथे असता तर म्हणाला असता, एखादं जातंच. मावशींना ते नको होतं. "राहू द्या आई" येणार, त्याची वाट बघत त्या उभ्या होत्या.

सून गुडघ्यांवर बसली. झालर बाजूला करून तिने हात आत घातला. मनगट गेलं, मग कोपर. आत कुणीतरी झोपेत कुरकुरलं आणि तिच्या बोटावर चढून बसलं.

"मखमल आतून लावलीत?"

"बाहेरून लावली होती आधी."

सुनेने हात काढला नाही. दुसऱ्या हाताने तिने पेटीचं झाकण वर केलं आणि आत डोकावली. "अजून आहे का अशी?"

"राणीचा अख्खा झगा आहे. निळा. पण तू तर पेटी..."

"पुढच्या महिन्यात आणखी बारा आणायचा विचार आहे माझा. ही तोवर मोठी होतील. आई, त्यांच्यासाठी असंच एक कराल?"

मावशींनी नाक पुसलं, टेप शोधला, तो गळ्यातच होता.

"करते की," त्या म्हणाल्या. "पण आधी हात बाहेर काढ, आणि मला दहा सुया ओवून दे."