एक घर कमी

आडवे-उभे काकांनी आयुष्यात कुणाला माफ केलं नाही. शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही, कुणाच्या अंगावर धावूनही गेले नाहीत. फक्त रविवारची वाट पाहिली.

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या गेटशी एक फळा होता. त्यावर पाणी कधी जाणार ते लिहिलेलं असे, आणि रविवारी त्याखाली काकांचं गूढ शब्दकोडं. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्यांचा हाच उद्योग, म्हणून तर नाव पडलं ‘आडवे-उभे’. हे कोडं म्हणजे समानार्थी शब्द सांगा, असला सरळ मामला नव्हे. ओळीत कुठेतरी उत्तराचा अर्थ असायचा आणि कुठेतरी त्याच उत्तराची अक्षरं दडवलेली असायची. ‘टपालात लपली आहे, दिवा लागला की भिंतीवर येते. दोन अक्षरी.’ आम्ही सगळे पोस्टमनपासून पतंगापर्यंत भटकून यायचो आणि पाल तिथेच, ‘टपाल’ या शब्दात, आमच्याकडे बघत बसलेली असायची. “माझी ओळ फसवेल,” काका म्हणत, “पण खोटं बोलणार नाही.”

चेअरमननी दुसरी गाडी घेतली आणि ती लावायला बदामाच्या झाडाखालचं बाकडं काढून टाकलं. काकांची संध्याकाळची जागा गेली. सगळ्यांना वाटलं, आता मीटिंगमध्ये राडा होणार. काका मीटिंगला आलेच नाहीत. रविवारी फळ्यावर ओळ आली : ‘चेअरमनच्या अगदी शेवटाला आहे म्हणतात, पण आम्हाला कधी दिसलं नाही. दोन अक्षरी.’ चेअरमन दुधाच्या पिशव्या घेऊन येत होते. कोड्याचा त्यांनाही नाद. थांबले, ओठ हलवले आणि आनंदाने ओरडले, “मन!” मग आजूबाजूच्या लोकांची तोंडं बघितली, फळा पुन्हा एकदा वाचला आणि दूध घेऊन लिफ्टची वाट न बघता जिन्याने निघून गेले.

“काका, सरळ दोन शिव्या हाणायच्या ना,” मी म्हणालो.

“शिवी काय, कानावर पडते आणि जाते. कोडं सोडवणारा स्वतःच्या पायांनी चालत शिवीपर्यंत जातो. वर उत्तर आलं म्हणून खूशही होतो.”

मी खो खो हसलो. पुढचा नंबर माझा आहे, हे मला कुठे ठाऊक!

झालं होतं असं, की काकांच्या कुंड्यांचं पाणी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकायचं. ते काकांना सांगायचं सोडून मी गुपचूप चेअरमनच्या कानावर घातलं. पुढच्याच रविवारी ओळ होती : ‘चहाडखोराच्या पोटात कुत्र्याला आवडेल असं काही. दोन अक्षरी.’ मी गर्दीतून वाट काढत पुढे गेलो आणि ठसक्यात लिहिलं, ‘हाड’.

“का?” काकांनी विचारलं. हा त्यांचा नियम. उत्तर बरोबर असून भागत नसे, ते का बरोबर हे सांगावं लागे.

“कुत्र्याला हाडच आवडतं की.”

“आणि चहाडखोर कशाला आलाय इथे? कुत्रा फिरवायला?”

काकांनी फडक्याने ‘हाड’ पुसलं. एवढ्यात आमची विद्या, म्हणजे माझी बायको, पिशवी सावरत म्हणाली, “अरे, त्या शब्दातच आहे हाड. च-हाड-खोर. आणि शेखर, चहाडखोर तू आहेस रे!” सगळं गेट हसलं. वॉचमन हसला. चेअरमन तर इतके हसले, की त्यांची माझ्या डोळ्यांदेखत काकांशी दिलजमाई झाली.

त्या दिवशी मी ठरवलं, म्हाताऱ्याला सोडायचं नाही. त्याच्याच फळ्यावर, त्याच्याच खडूने, त्याला न सुटणारी ओळ लिहायची.

माझ्या पहिल्या ओळीला तीन उत्तरं निघाली. काकांनी तिन्ही खाली लिहून पुढे टाकलं, ‘आवडेल ते घ्या.’ दुसरी ओळ विद्याने पोळ्या लाटता लाटता सोडवली, म्हणून ती फळ्यापर्यंत गेलीच नाही. मी ऑफिसात, जेवताना, दाढी करताना शब्द फोडत बसायचो. सूड इतकी मेहनत मागतो हे आधी माहीत असतं, तर मी कुंड्यांचं पाणी मुकाट्याने अंगावर घेतलं असतं.

शेवटी एकदाचं जमलं. काका फिरायला गेलेले बघून घाईघाईने फळा गाठला आणि लिहिलं : ‘फळ्यावर लिहायला लागतो तो आधी, मग सरळ माणसाचं पहिलं अक्षर, आमच्या शेजारचा तिरसट.’ खाली घरं आखली आणि बाजूला जाऊन उभा राहिलो.

काका आले. वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. खडू उचलला आणि परत ठेवला. जेवायला गेले, परत आले. संध्याकाळपर्यंत घरं रिकामीच! मी गेटवर गर्जना केली, “खडूस! खडू, त्यापुढे सरळचा स. खडूस!” टाळ्या पडल्या. मी अख्ख्या बिल्डिंगला जिलेबी-फाफडा वाटला. काकांनी दोन प्लेटा खाल्ल्या आणि माझ्या पाठीवर थाप मारली. “घरं काय सुरेख आखलीस रे!” मी फुगलो. त्यानंतर कित्येक वर्षं कुणी पाहुणा आला, की मी सांगायचो, काकांना हरवणारा एकच माणूस, मी. काका समोर असले तर मान डोलवायचे.

मग बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. आम्ही मालाडला भाड्याने, काका-काकू लेकीकडे बोरिवलीला. टॅक्सीत सामान चढल्यावर काकांनी मला फळ्यापाशी बोलावलं. “शेखर, तुझं ते गाजलेलं कोडं. त्या दिवशी आखली होतीस तश्शी घरं काढतो, तू उत्तर भर.” त्यांनी शेजारी शेजारी दोन चौकोन काढले.

मी ‘ख’ लिहिला. ‘डू’ लिहिला. आणि खडू हवेतच राहिला. ‘स’ला जागाच नव्हती.

“दोनच आखली होती मी?”

“दोनच. मला न्याहारीच्या आधीच सुटलं होतं.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“तेव्हा बोललो असतो तर तुझी एक संध्याकाळ नासली असती. मला इतकी वर्षं पुरला तो सूड.” त्यांनी तिसरा चौकोन काढला, त्यात ‘स’ लिहिला, हात झटकले आणि टॅक्सीत बसले. काकू आतून म्हणाल्या, “जिलेबी छान होती हो त्या वेळची.”

मी पुन्हा पेटलो. मालाडहून दर रविवारी फोनवर बोरिवलीला कोडं पाठवायला लागलो, घरं मोजून, विद्याकडून तपासून. दुपारपर्यंत उत्तर यायचं आणि सोबत ‘का’ तेही.

या वर्षी काका गेले. दिवस झाल्यावर भेटायला गेलो, तेव्हा काकू म्हणाल्या, “तुझं शेवटचं कोडं कागदावर उतरवून उशाशी ठेवलं होतं त्यांनी. म्हणाले, शेखरला सांग, हे काही मला सुटलं नाही. जिंकला म्हणावं.”

माझे डोळे भरून आले. जिन्यातच फोन काढला, ते कोडं उघडलं आणि घरं मोजली. बरोबर होती. रिक्षात बसल्यावर पुन्हा मोजली. ओळ तपासली, अक्षरं तपासली. विद्या म्हणते, “अरे, जिंकलास तू, आता तरी पुरे कर.” पण म्हाताऱ्याचा भरवसा नाही. मी अजून मोजतोय, आणि जिलेबी अजून वाटलेली नाही.